दगडावर बसलेला गश्पेर

नेझाला राणी व्हायचं नव्हतं, आणि ही गोष्ट मोकळेपणानं सांगावी असं राजवाड्यात एकही माणूस नव्हतं. आजोबा, म्हणजे म्हातारे राजेसाहेब, ऑगस्टमध्ये दुपारच्या झोपेतच गेले. आईवडील तिच्या लहानपणीच गेलेले. थोरला भाऊ आंद्रेय गादीवर पाणी सोडून त्रिएस्तच्या बंदरात जहाजांची इंजिनं जोडत होता आणि येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर "तुला जमेल" असा निरोप धाडत होता. ज्याला स्वतःला जमलं नाही तो दुसऱ्याला असं फार विश्वासानं सांगतो.

नेझा तळ्याकाठच्या बागकामाच्या शाळेत फळझाडांची कलमं बांधायला शिकत होती. तिथे तिला कुणी राजकन्या म्हणत नसे. कलम चुकलं की बाई सरळ "गाढव" म्हणत, आणि त्या दिवशी तिला फार बरं वाटे. आजोबा गेले, शाळेच्या दारात काळी घोडागाडी येऊन उभी राहिली, आणि नखांतली माती निघायच्या आत तिच्या हातात काळे हातमोजे चढले.

ब्रेझावाचं राज्य चिमुकलं. या टोकाला काढलेलं दूध नासायच्या आत त्या टोकाला पोचतं. पण तोरा मोठा, आणि रीतिरिवाज तर त्याहून मोठे. मुकुट घातला म्हणून इथे कुणी राजा होत नाही. झिट्ना गावच्या माळावर एक बसका दगड आहे. राजा गेला की येणाऱ्या ऑक्टोबरात, संत लूकच्या दिवशी, त्या दगडावर कोलार घराण्यातला शेतकरी बसतो. गादीचा वारस जाडाभरडा डगला घालून, ठिपक्यांच्या बैलाचं दावं धरून त्याच्यासमोर येतो. शेतकरी तीन प्रश्न विचारतो, बैल ठेवून घेतो आणि उठतो. मग मोकळ्या दगडावर वारस बसतो आणि राजा होतो. दुपारची घंटा होईपर्यंत शेतकरी उठलाच नाही, तर गादी पुढच्या वारसाकडे जाते. तसं कधी झालेलं नाही. कोलार दर वेळी उठले आणि बैलाला नावं ठेवत घरी गेले.

पुढचा वारस म्हणजे चुलतभाऊ लिओपोल्ड. तसा वाईट नव्हता. त्याला माणसांपेक्षा शिकारी कुत्री जास्त आवडत, एवढंच. शिवाय त्याला गादी हवी होती. या खेपेला दगडावर बसणारा गश्पेर कोलार उठला नाही तर आपण सुटलो, हे नेझाच्या मनात आलं आणि मग जाईना. कुणाला तोंडावर नाही म्हणायला नको, पळून जायला नको.

समारंभाच्या आठवडाभर आधी दगड बघण्याच्या निमित्तानं ती झिट्नाला गेली. कारभारी विन्सेन्स गाडीतच बसले. त्यांना शेणाच्या वासानं शिंका येत.

गश्पेर परसात, नाशपातीच्या झाडाखाली एका बुटक्या स्टुलावर बसून वाळवणासाठी नाशपाती कापत होता. बायको उर्शा फोडी कापडावर पसरत होती. नेझाला पाहून दोघंही उठले नाहीत. दगडावर बसेपर्यंत ती गावचीच पोर, अशी इथली रीत.

"बस पोरी," गश्पेर म्हणाला. "फोडी खा. त्या कडेच्या नको, तिकडं गांधीलमाश्या आहेत."

उर्शानं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "बैल बघितलास का गं स्वतः? तुझ्या आज्यानं माझ्या सासऱ्यांना दिलेला बैल महिनाभरात मेला. सासरे मरेपर्यंत दुसरं काही बोलले नाहीत."

"अगं, दगडापर्यंत आपली पोर आहे म्हणून काय वाट्टेल ते बोलशील?"

"दगडानंतर बोलता येणार नाही, म्हणून तर आत्ता बोलून घेतेय," उर्शा म्हणाली आणि रिकामी टोपली घेऊन आत गेली.

नेझा कोपऱ्यातल्या कोवळ्या झाडापाशी गेली. खोडावरच्या सांध्यावरून तिनं बोट फिरवलं. "हे कलम कुणी बांधलं?"

"मी. का?"

"सैल बांधलंय. सांध्यात हवा शिरलीय. झाड जगेल हो, पण फळ धरायला रडेल."

"राजवाड्यात हे शिकवतात?"

"नाही ना," नेझा म्हणाली. ती पाठमोरीच राहिली. "काका, त्या दिवशी उठू नका."

सुरीचा आवाज थांबला. मग पुन्हा सुरू झाला. ती नाशपाती कापून झाल्यावरच गश्पेर बोलला.

"माझा बाप उठला तेव्हा बैल घरी मी आणला. तेव्हा मला मिसरूडही फुटलं नव्हतं. तेव्हापासून माझ्या पाळीची वाट बघतोय मी. आणि तुझा आजा मरेचना! देव त्याला शांती देवो, पण मरेचना गं."

नेझाला हसू आलं आणि रडूही आलं. "म्हणजे तुम्हाला उठायचंय."

"मला उठता कुठं येतंय?" त्यानं वरच्या फांदीकडे मान केली. तिथे एक जाड दोर बांधलेला होता, त्याचं टोक त्याच्या खांद्याशी लोंबत होतं. त्यानं ते दोन्ही हातांनी पकडलं, दात आवळले, आणि फांदी करकरेपर्यंत ओढत कसाबसा उभा राहिला. "चालतो घोड्यासारखा. पण गुडघे एकदा दुमडले की सरळ होत नाहीत. तो दगड तर या स्टुलाहून बसका. काठी नेणार होतो." तो पुन्हा धपकन बसला. "आता काठी घरी ठेवतो."

"म्हणजे?"

"म्हणजे प्रश्न विचारून झाले की मी बसून राहीन. राणी व्हायचं असेल तर हात दे, मी उठेन. नसेल तर देऊ नको. घंटा होईल, आणि तू आपल्या झाडांकडं जा."

"आणि तुम्ही?"

"मला काय? मला बसायला आवडतं."

नेझाचा जीव भांड्यात पडला. परतीच्या वाटेवर तिनं गश्पेरनं बांधून दिलेल्या रुमालभर फोडी खाल्ल्या आणि विन्सेन्सना एकही दिली नाही. तो आठवडा ती शांत झोपली. विन्सेन्स सगळ्यांना सांगत सुटले की राजकन्येला आता जबाबदारीची गोडी लागली आहे.

संत लूकचा दिवस निवळशंख उजाडला. रात्रीच्या सरीनं माळ तेवढा ओला होता. अख्खं झिट्ना लोटलं होतं, शेजारची गावंही आली होती. उर्शा नक्षीचा ठेवणीतला रुमाल डोक्याला बांधून अगदी पुढे उभी होती. विन्सेन्सनी वाटेत शेवटचं बजावलं, "दगडावरच्या माणसाला स्पर्श करायचा नाही. ते शोभत नाही." नेझानं मान डोलावली. इतकं मनापासून ती त्यांचं कधीच ऐकत नसे.

गश्पेर नवी काळी टोपी घालून दगडावर ऐसपैस बसला होता. काठी कुठेच दिसत नव्हती.

"कोण येतंय?" त्यानं विचारलं. आवाज माळाच्या टोकापर्यंत गेला.

"आमच्या गादीची वारस!" लोक ओरडले.

"न्यायानं वागेल का?"

"वागेल!"

"आणि मला इथून कशाच्या जोरावर उठवणार?"

याचं उत्तर तिनं द्यायचं असतं. "या बैलाच्या," नेझा म्हणाली.

गश्पेरनं बैलाकडे बघून मान डोलावली. आता उठायचं. तो उठला नाही.

लोक वाट बघत राहिले. कुणीतरी खोकलं. बैलानं शेपटी उडवली.

"काय रे गश्पेर, बैल पसंत नाही का?" मागून कुणी ओरडलं आणि माळभर हशा पिकला. गश्पेरही हसला. हशा विरला, तरी तो बसलेलाच. विन्सेन्सनी खिशातलं घड्याळ काढलं आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"उठ की लेका!"

"मुद्दाम बसलाय. लिओपोल्डनं खिसा भरला असेल याचा."

"बापानं नाव कमावलं आणि हा बघा! थू!"

उर्शा पुढे सरकली. गश्पेरनं हात वर केला. "तिथंच थांब," तो तिला म्हणाला. इतक्या कडक आवाजात तो तिच्याशी कधी बोलला नसावा, कारण उर्शाचं तोंड उघडंच राहिलं. तिच्या शेजारची बाई, जी सकाळपासून तिला खेटून उभी होती, ती हळूच दोन पावलं बाजूला झाली. उर्शा एकटी पडली. तिनं हनुवटी वर केली आणि रुमालाची गाठ उगाचच पुन्हा घट्ट केली.

ते पाहिलं आणि नेझाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आपण उद्या तळ्याकाठी असू. हा माणूस मात्र इथेच असेल. याच गावात दळायला जाईल, याच चर्चमध्ये बसेल, आणि शेजारचं माणूस सरकून बसेल. उर्शाच्या वाळवणाला कुणी हात लावणार नाही. हे सगळं त्या दिवशी नाशपाती कापतानाच त्याला ठाऊक होतं. आणि म्हणाला काय, तर मला बसायला आवडतं.

तिला स्वतःची भयंकर लाज वाटली. लाजेपाठोपाठ त्याचा रागही आला, कारण न मागता एवढं देणाऱ्या माणसाचा राग येतोच. तिनं त्याच्याकडे रोखून पाहिलं. तो तिच्याकडे बघतच नव्हता. तिच्यावर भार पडू नये म्हणून तो मुद्दाम दूर, घंटेच्या मनोऱ्याकडे बघत होता. हा माणूस कुणाच्या हवाली करून जायचा, लिओपोल्डच्या? नाही, ते तिला नको होतं. आजोबा गेल्यापासून पहिल्यांदाच तिला इथून निघून जाण्याखेरीज दुसरं काहीतरी हवंसं वाटत होतं.

तिनं दावं विन्सेन्सच्या हातात कोंबलं. "धरा."

"अहो, पण मी..." विन्सेन्स म्हणाले आणि बैलानं त्यांना हुंगलं.

नेझानं हातमोजे काढून चिखलात टाकले आणि दोन्ही हात पुढे केले. गश्पेरनं मान वळवली. तो तिच्या हातांकडे बघत राहिला.

"नक्की ना पोरी?" तो इतक्या हळू म्हणाला की फक्त तिनंच ऐकलं. "माझ्यासाठी नको हं."

"तुमच्यासाठीच," नेझा म्हणाली. "आणि माझ्यासाठीही. धरा लवकर."

तिनं ओढलं. तो तसूभरही हलला नाही. तिचा पाय सरकला आणि गर्दीतून "अगं बाई!" असा एकच आवाज उठला. मग शाळेत जुने खुंट उपटताना रोवत असे तशा तिनं टाचा रोवल्या, दात आवळले आणि सगळा भार मागे टाकला. गश्पेरचे गुडघे कडकडले. तो कण्हला, शिवी हासडली आणि वर आला. तो उभा राहिला तोच घंटेचा पहिला टोल पडला.

माळावर कल्लोळ झाला. एकमेकांचे हात सोडायचं दोघांच्याही लक्षात आलं नाही.

"केवढे जड आहात हो!" नेझा धापा टाकत म्हणाली.

"सकाळी दोन वाडगे लापशी खाल्ली. उर्शानं विचारलं, लढाईवर निघालात का? मनात म्हटलं, पोरीला ओढायचंच असेल तर मनापासून ओढू दे. उगाच भिडेखातर धरलेल्या हातानं मी उठणार नव्हतो."

उर्शा धावत आली आणि तिनं नवऱ्याचा दंड गच्च धरला. "काठी कुठंय तुमची?" ती ओरडली. "कुठंय काठी?" आणि माळावर सगळ्यांच्या देखत रडायला लागली. बाजूला झालेली बाई मुकाट्यानं परत तिच्याजवळ आली.

नेझा दगडावर बसली. दगड गार असतो, आत दोन लोकरी झगे घाला, असं विन्सेन्सनी बजावलं होतं. पण तो गार नव्हता. गश्पेर इतका वेळ बसल्यामुळे चांगला ऊबदार झाला होता. तिनं दोन्ही तळवे त्यावर टेकले. तळवे लाल झाले होते आणि आग होत होती.

"काका," ती म्हणाली, "फेब्रुवारीत येईन मी. ते कलम सोडून पुन्हा बांधायला हवं."

गश्पेरनं टोपी काढली. त्याचं टक्कल उन्हात चकाकलं. आता ती दगडावर बसली होती आणि रीत त्याला पाठ होती.

"यावं, राणीसाहेब," तो म्हणाला.

 आता तिला पोरी म्हणणारं सगळ्या ब्रेझावात कुणी उरलं नव्हतं. तिनं पाठ ताठ केली आणि भेटायला पुढे येणाऱ्या एकेकाला नाव विचारू लागली.