सहावी 'क'मधली एकसष्ट

शिपाईमामा नव्या बीनबॅगवर सहज म्हणून बसले आणि मग त्यांना उठता येईना.

"बाई, हात द्या. ही खुर्ची नाही, दलदल आहे."

ग्रंथपाल बाईंनी हात दिला. दोघांची वयं मिळून एकशे चौदा होत होती, त्यामुळे वेळ लागला. शाळेच्या वाचनालयात अशा दहा दलदली आल्या होत्या. शिवाय पुठ्ठ्याची एक 'वाचनगुहा' आणि पुस्तकांची नोंद करणारं मशीन. पुस्तक त्याच्यापुढे धरायचं, वर्ग आणि हजेरी क्रमांक दाबायचा, की ते 'टूं' करायचं. बाई तीस वर्षं हेच काम करत होत्या, फक्त टूं न करता.

या सगळ्याला जागा हवी होती. दोन वर्षांत कुणीच न नेलेली पुस्तकं महिनाअखेर रद्दीत घालावीत, असा वरून आदेश होता. मुख्याध्यापिकांनी त्यावर सही करून तो खाली सरकवला होता. खाली म्हणजे बाईंकडे. त्याखाली फरशी होती. मशीनने यादी काढली: दोनशे तेरा.

यादीत पहिलंच शेवाळावरचं एक जाडजूड पुस्तक. बाईंनी त्यावर फुंकर मारली आणि स्वतःच शिंकल्या. मुलांना शेवाळात रस नसतो, हे त्यांना मान्य होतं. शेवाळालाही मुलांमध्ये नसतो. म्हणून काय कुणी मुलांना रद्दीत घालतं?

त्यांनी पुस्तक मशीनपुढे धरलं. वर्ग, सहावी 'क'. क्रमांक, एकसष्ट. त्या वर्गात साठच मुलं होती. मशीनने मुलगा की मुलगी विचारलं. बाईंचं बोट 'मुलगी'च्या जवळ होतं.

टूं.

तेव्हापासून एकसष्ट रोज सकाळी सात-आठ पुस्तकं नेऊ लागली आणि दुपारी परत करू लागली. मामा कपाटातून काढून देत, बाई टूं करत. तिसऱ्या आठवड्यात बाईंची पाठ धरली.

"वाचते पण काय झपाट्याने," मामा म्हणाले. "चष्मा लागायचा पोरीला."

"तिचं सोडा. माझी नोकरी जायची. खोट्या नोंदी आहेत या, मामा. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत."

"मग थांबवू?"

बाईंनी पुढच्या पुस्तकासाठी हात पुढे केला.

एकशे चाळिसावं पुस्तक झालं त्या दिवशी मुख्याध्यापिका स्वतः आल्या. मागोमाग दोन-तीन शिक्षक. नवा उपक्रम होता, 'महिन्याचा वाचक', आणि मशीनने निकाल लावूनही टाकला होता.

"सहावी 'क', एकसष्ट! एकशे चाळीस पुस्तकं! बाई, कोण हो ही मुलगी?"

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. पण सहावी 'क'चे वर्गशिक्षक तिथेच उभे होते, आणि आपल्याच वर्गातलं मूल आपल्याला ठाऊक नाही, असं म्हणायची त्यांची छाती झाली नाही.

"आहे ना, मॅडम. शांत असते. मागे बसते."

"धावतेही बरी," खेळाचे सर म्हणाले. त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

सोमवारी मैदानावर सगळी शाळा रांगेत उभी राहिली. क्रमांक पुकारला गेला. टाळ्या पडल्या. कुणी आलं नाही. म्हणून पुन्हा टाळ्या पडल्या.

"ताप आहे तिला," वर्गशिक्षक म्हणाले. "कालच चिठ्ठी आलीय."

काल रविवार होता. मुख्याध्यापिकांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग बाईंकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग प्रमाणपत्र बाईंच्या हातात दिलं.

"तुम्हीच पोचवा."

त्यानंतर बाईंचा हात मशीनकडे गेला नाही. त्र्याहत्तर पुस्तकं उरली होती. मामांनी ती कोपऱ्यात रचून ठेवली. रद्दीवाला शनिवारी दुपारी यायचा होता.

शुक्रवारी रात्रभर विचार करून बाईंनी एक पत्र लिहिलं. पहिलंच वाक्य होतं, 'एकसष्ट मीच.' दुसरं सुचलं नाही. शनिवारी सकाळी लिफाफा पर्समध्ये घालून त्या वाचनालयात शिरल्या, तर कोपरा रिकामा. टेबलावर मशीनही नव्हतं. रद्दीवाला मशीन नेत नाही. म्हणजे पुरावा जप्त झाला होता. बाई बीनबॅगवर बसल्या. उठायची घाई नव्हतीच.

मामा दारात आले. त्यांनी आपणहून हात दिला.

"मॅडमनी बोलावलंय," ते म्हणाले आणि बाईंकडे न बघता पुढे चालू लागले.

ऑफिसच्या दाराशी बाईंच्या कानावर आवाज आला. टूं.

आत मुख्याध्यापिका चष्मा कपाळावर सरकवून बसल्या होत्या. टेबलावर मशीन, डाव्या हाताला पुस्तकांची उंच चळत, उजव्या हाताला बुटकी. पहाटेपासून बसल्यासारखे त्यांचे खांदे उतरले होते.

"बसा. अकरा राहिलीत."

बाईंनी लिफाफा बाहेर काढला. "मॅडम, एकसष्टबद्दल सांगायचं होतं."

"तिला पडू द्या हो जरा. ताप आहे ना." मुख्याध्यापिकांनी मान वर केली नाही. "ही बासष्टची आहेत."

टूं.

बाईंनी लिफाफा पर्समध्ये ठेवला आणि बुटक्या चळतीतलं वरचं पुस्तक उचलून त्यांच्या हातात दिलं.