माळाची पाहणी

रविवार उजाडला की अंबुबाई सारखी रस्त्याकडं बघायची. संक्रांत झाल्यापासून हे असंच चाललं होतं. दुपार कलली की उदगीरच्या बाजूनं एक पांढरी गाडी यायची, चिंताकीच्या शिवारात तिच्या माळाच्या कडेला थांबायची, आणि चार-पाच शहाणीसुरती माणसं खाली उतरून वाळल्या गवताकडं दोन-दोन तास बघत बसायची. माणसानं पिकाकडं बघावं, जनावराकडं बघावं, आभाळाकडंही बघावं. पण कुसळाला दुर्बीण लावून बसणारा माणूस सरळ असूच शकत नाही, असं अंबुबाईचं स्वच्छ मत होतं. आणि त्या माणसांच्या घोळक्यात तिचा दीर मल्लिकार्जुन उभा असायचा, हे तर तिला मुळीच पचत नव्हतं.

अंबुबाई लग्न होऊन आली ती सतराव्या वर्षी. सासू आधीच वारलेली, घरात सहा वर्षांचा शेंबडा दीर. त्याला न्हाऊ घालणं, त्याच्या डोक्यातल्या उवा काढणं, काठी घेऊन शाळेत हाकलणं, सगळं तिनं केलं. पोरगा शिकला, औराद-उदगीर गाडीवर कंडक्टर झाला, श्रीदेवीशी लग्न करून औरादला राहू लागला. तरी रविवारची भाकरी वैनीच्या हातची, हा त्याचा नेम कधी चुकला नव्हता.

सासरा गेला तेव्हा पाच एकर माळाचा कागद करायचा होता. अंबुबाईचा नवरा सिद्धू मेंढरांत रमणारा माणूस. "अंगठेबहाद्दराच्या नावावर कागद कशाला, शिकलेल्याच्या नावं असू दे," म्हणून त्यानं पहाणी धाकट्याच्या एकट्याच्या नावावर होऊ दिली. उदगीरकडं ज्याला सातबारा म्हणतात, त्याला इकडं कानडी मुलखात पहाणी म्हणतात. पहाणीवर नाव त्याची जमीन, मग ती कसणारा कुणी का असेना. चार वर्षांपूर्वी सिद्धू गेला. लेक तुळजा चिटगुप्प्याला नांदत होती. उरली होती अंबुबाई, बावीस मेंढरं आणि तो माळ. माळ गेला तर मेंढरं जाणार, आणि मेंढरं गेली की तिनं लेकीच्या दारात जाऊन बसायचं, इतका सरळ हिशेब होता. कागदावर तिचं नाव कुठंच नव्हतं, पण आजवर त्याचं तिला काही वाटलं नव्हतं.

वाटायला लागलं ते त्या गाडीमुळं. एका रविवारी ती बोरीच्या झुडपाआड मेंढराच्या खुरातला काटा काढत बसली होती. पलीकडं त्या लोकांचे म्होरके भगवानराव, उदगीरचे निवृत्त ड्रॉइंगमास्तर, मल्लिकार्जुनाच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "पाहणी फार छान झाली हो! आज तीन नवी नावं चढली."

अंबुबाईनं काटा तसाच सोडला. पहाणी झाली आणि तीन नावं चढली. कुणाची नावं? आणि कशाच्या बदल्यात?

संध्याकाळी मल्लिकार्जुन जेवायला बसला तेव्हा तिनं भाकरी वाढता वाढता विचारलं, "कोन रं ती मानसं?"

"उदगीरची हायत. माज्या गाडीला असत्यात. पाखरं बघायलेत."

"पाखरं आपल्या उकिरड्यावरबी हायत की. त्येला उदगीरहून गाडी करून कामून यायचं?"

मल्लिकार्जुन खाली बघून लाजल्यासारखा हसला. बेचाळीस वर्षांचा बाप्या, गाडीत दांडगाई करणाऱ्यांना दरडावून उतरवणारा, आणि आता आपण पाखरं मोजत हिंडतो हे सांगायचं कसं, असं त्याला झालं असावं. तो एवढंच म्हणाला, "तुला न्हाई कळायचं ते, वैनी."

आता, हे वाक्य ज्यानं ज्यानं घरातल्या बाईला ऐकवलं, त्याला ते महागच पडलेलं आहे. त्याचं लाजणं अंबुबाईला चोराचं वाटलं.

शेजारच्या सरुबाईला पराचा कावळा करायला पर तरी लागायचा; इथं तर आख्खं पाखरूच हाती आलं. "पाखरं म्हनं!" ती कपाळावर हात मारून म्हणाली. "आगं आक्का, माज्या मावसभावाच्या शिवारात बी आदी असंच लोक बघून गेले. मंग मापून गेले. मंग तारा ठोकल्या. आता तितं नुसत्या सोलरच्या काळ्या काचा हायत उनात तळपत, शेळीला उभं राहाया जागा न्हाई. पहानी कुनाच्या नावं हाय तुज्या माळाची?"

अंबुबाईनं दिराचं नाव सांगितलं.

"मंग झालं तर," सरुबाई म्हणाली.

एकदा संशय डोक्यात शिरला की सगळ्यातूनच त्याला खाद्य मिळतं. पुढच्या रविवारी मल्लिकार्जुनानं तिच्यासाठी बिदरहून लोकरीचं जाकीट आणलं. छत्तीस वर्षांत त्यानं तिला लुगडी आणली, चष्मा आणला, गुडघ्याला लावायचं तेल आणलं, तेव्हा ती दिराची माया होती. आता जाकीट बघून तिच्या मनात आलं, थंडी सरत आली आणि ह्याला आत्ताच कशी वैनीची थंडी दिसली? गोड बोलून गळा कापतात तो असाच. जाकीट तिनं अंगाला लावलं नाही. त्यानं विचारलं तर म्हणाली, "टोचायलंय."

शिवरात्रीला थंडी शिव शिव म्हणत निघून जाते म्हणतात. थंडी गेली, पळस फुलला, दुपारचं ऊन चटके देऊ लागलं. गाडी मात्र जायचं नाव घेईना. आणि एका शुक्रवारी मल्लिकार्जुनाचा फोन आला.

"वैनी, ह्या आइतवारी सांजच्याला मेंढरं माळावर आनू नकोस बरं का. शेवटची पाहणी हाय. पाव्हणे म्हनायलेत, मेंढरं आसली की समदं बिघडतंय."

"बरं," अंबुबाई म्हणाली आणि फोन ठेवला. तिनं तोंड उघडून एक शब्द विचारला असता तर पुढचं काहीच झालं नसतं. पण तिला भीती वाटत होती. विचारलं आणि तो खरं बोलला तर? तोंडावर "व्हय, इकला माळ" म्हणाला तर ती कुठं जाणार होती? त्यापेक्षा न विचारलेलं बरं. दोन दिवस तिला अन्न गोड लागलं नाही.

रविवारी दिवस मावळतीला आला तेव्हा ती बावीसच्या बावीस मेंढरं घेऊन थेट माळात घुसली.

पाव्हणे टेकाडावर ओळीनं बसले होते, तोंडं शिवल्यासारखे गप्प. गवतावरून घारीसारखी, पण अंगानं सडपातळ आणि लांब पंखांची पाखरं खालून खालून तरंगत येत होती. एक आलं, मग दोन, मग एकदम सात-आठ. अंबुबाई त्यांना दर हिवाळ्यात बघत आली होती. दिवाळीला यायची, शिमग्याच्या आधी कुठंतरी निघून जायची, रात्रीची तिच्याच गवतात उतरायची. तिनं त्यांना कधी मोजलं नव्हतं, कधी नावही दिलं नव्हतं. आज तर तिनं वरही पाहिलं नाही. "हर्र, हर्र!" करत तिनं मेंढरं गवतात लोटली, आणि नुकतीच बसलेली पाखरं भर्रकन उठली.

भगवानराव धडपडत उभे राहिले. "अहो बाई! बाई, थांबा!"

"कामून थांबू? माळ माजा हाय!" अंबुबाई काठी आपटत टेकाड चढली. मल्लिकार्जुन पुढं आला, "वैनी, आगं काय करायलीस?" म्हणाला, आणि तिचा दोन महिन्यांचा साठा फुटला.

"मला काय इचारतोस? चोरा! ज्या हातानं तुला घास भरवला त्येच हात कापाया निगालास व्हय रं? तुजा भाऊ आसता तर तंगडं मोडलं आसतं तुजं. चोर हाईस तू, चोर!"

मग तिनं शेजारी बसलेल्या मंजुश्रीच्या मांडीवरची वही ओढली. ही मुलगी उदगीरच्या कॉलेजात शिकवायची, आणि वहीत लिहायचं काम तिच्याकडं होतं. अंबुबाईला वाचता येत नव्हतं. तिनं वही उघडून परत मंजुश्रीच्या पुढ्यात धरली.

"वाच. पहानीवर कुनाकुनाची नावं चढवलीत, मोठ्यानं वाच."

मंजुश्री घाबरली होती. तिनं वाचलं, "भोवत्या, एकतीस. माळटिटवी, सहा. चंडोल, नऊ. धाविक, दोन..."

"ही कसली नावं?"

"पक्ष्यांची. हे आत्ता उडाले ना, ते भोवत्या."

"पाखरांच्या नावं जमिनीची पहानी?"

"जमिनीची नाही हो," मंजुश्री गोंधळून म्हणाली. "पाहणी म्हणजे... बघणं. आम्ही येतो, बघतो, मोजतो आणि लिहून ठेवतो. तेवढंच."

पाव्हण्यांतलं कुणीतरी फसकन हसलं. मल्लिकार्जुन हसला नाही. दोन्हीकडचं बोलणं रोज कानावर पडणारा तो एकटाच तिथं होता, त्यामुळं काय झालं ते त्याला लगेच उमगलं. तो हळूच म्हणाला, "वैनी, तुला वाटलं मी माळ इकायलोय?"

मंजुश्रीला बिचारीला वाटलं, आपण काहीतरी बोलून हे सावरावं. तिनं वहीचं पहिलं पान काढलं. "हे बघा, ठिकाणाचं नावसुद्धा तुमचंच आहे. आम्ही पहिल्या दिवशी विचारलं, माळ कुणाचा, तर ह्या तुमच्या दिरांनी हेच सांगितलं. अंबुबाईचा माळ, चिंताकी. आम्ही सगळे तेच म्हणतो."

अंबुबाईला लाज वाटली, इतकी की जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. पण 'चोर' हा शब्द तोंडातून गेला होता, तोही चारचौघांत, आणि बोललेलं गिळता येत नाही.

पाखरांनी वर दोन घिरट्या घातल्या आणि ती तेलंगणाच्या बाजूला निघून गेली. "आज नाही बसायचे आता," भगवानराव म्हणाले, आणि सगळे मुकाट्यानं गाडीकडं चालू लागले.

मल्लिकार्जुनानं शीळ घालून मेंढरं गोळा केली, मेंढवाड्यात नेऊन कोंडली, फाटकाची दोरी बांधली. अंबुबाईनं चूल पेटवली होती. तो आत न येता तसाच औरादला गेला.

तिनं चारदा फोन केला. चारही वेळा श्रीदेवीनं उचलला. "ड्यूटीवर हायत, आक्का." पाचव्यांदा श्रीदेवी म्हणाली, "सोमवारी आधार कार्ड घिऊन औरादला बोलावलंय तुमाला, हापिसात."

रजिस्ट्रीच्या हापिसात मल्लिकार्जुनानं सगळे कागद तयार ठेवले होते. बक्षीसपत्र होतं, पाचच्या पाच एकरांचं. अंबुबाई म्हणाली, "मल्ल्या, मला नगं कागद. चुकलं रं माजं. त्या सरुच्या नादाला लागले मी." कारकुनानं शाईचा डबा पुढं सरकवला. मल्लिकार्जुन खिडकीबाहेर बघत म्हणाला, "करा अंगठा. मला परत चोर व्हायचं न्हाई." तिनं अंगठा केला. करायला नको होता, हे तिला नंतर कितीतरी वेळा वाटलं. पण न करून तरी त्याला काय पटवून देणार होती?

पाडवा होऊन गेला तरी तो एकाही रविवारी जेवायला आला नाही. आला तो एका भर दुपारी, खाकी कपड्यात, हातात प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला कागद घेऊन. उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

"पहानी आली," तो म्हणाला. "कानडीत हाय, कुनाकडून तरी वाचून घ्या. नाव बरुबर हाय का ते बघा. तुमचा माळ तुमच्या नावं झाला."

घ्या. बघा. तुमचा. औरादला हापिसात तो "करा" म्हणाला होता तेव्हा तिला वाटलं होतं, चारचौघांत कारकुनासमोर म्हणाला असेल. आज तर अंगणात दुसरं कुणीच नव्हतं.

"पानी तरी पी रं. भाकरी हाय, आत्ताच केलीय."

"न्हाई. गाडीची वेळ झालीय."

तो वळला आणि चालू लागला. अंबुबाई कागद हातात घेऊन अंगणात आली, आणि लहानपणी त्याला शेतातून जेवायला हाकारायची त्या आवाजात तिनं हाक मारली, "मल्ल्या!"

मल्लिकार्जुन थांबला. मागं वळून त्यानं परक्या थोरल्या बाईला विचारावं तसं अदबीनं विचारलं, "काय म्हन्ता?"