नेरूळचे खोटे ठिपके

मला त्या न्यूट्रिनो नावाच्या कणाचा पहिल्यापासून राग. दिसत नाही, सापडत नाही, आपल्या अंगातून आरपार जातो आणि आपल्याला पत्ता नाही. असल्या गोष्टीपायी माझ्या नवऱ्याने, प्रोफेसर श्यामसुंदर यांनी, अख्खं आयुष्य घालवलं. दूर परदेशात डोंगराच्या पोटात पाण्याची एक अवाढव्य टाकी आहे, आणि फार पूर्वी फुटून गेलेल्या ताऱ्यांचे न्यूट्रिनो त्यात कधीतरी चमकतील म्हणून जगभरातली शेकडो माणसं डोळ्यांत तेल घालून बसलीत. त्यात आमच्या नेरूळच्या युनिव्हर्सिटीतले हे आणि यांची पोरं.

सुरुवातीला यांच्याकडे त्या टाकीच्या सर्किट बोर्डांचं काम होतं. पावणे एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये त्यांचे डबे बनवून घ्यायचे. स्कूटरवरून उन्हातान्हात खेटे घालायचे आणि घरी येऊन मला स्क्रूची भोकं दाखवायचे. मी म्हणायचे, "अहो, जेवा आधी, भोकं कुठे पळून जात नाहीत."

मग ग्रुपला एक विचित्र काम मिळालं. फार वाट बघणाऱ्याला नसलेलंही दिसायला लागतं. म्हणून टाकीतल्या खऱ्या नोंदींमध्ये गुपचूप काही खोट्या मिसळायच्या; पडद्यावर दोन्हींचे ठिपके सारखेच. सगळ्यांनी सगळं तपासून झालं की एक दिवस ठरवून पेटी उघडायची, म्हणजे खोटं कुठलं ते जाहीर करायचं. तोवर ते एकाच माणसाला ठाऊक. त्याला कुणी काही विचारायचं नाही, आणि विचारलंच तर त्याने हो म्हणायचं नाही की नाही म्हणायचं नाही. हा नियम यांनीच बसवला. यंदा ते काम क्षिप्राकडे होतं. यांची सगळ्यात कडक विद्यार्थिनी, आणि मला लेकीसारखी.

आणि यंदाच यांचं दुखणं निघालं. रक्ताचा कॅन्सर. शेवटी डॉक्टरांनीच सांगितलं, घरी न्या.

एका दुपारी पार्थ, ग्रुपमधला सगळ्यात नवा मुलगा, चपला न काढताच आत घुसला. "सर, दिसलं! ठिपके आलेत सर, अगदी तुम्ही म्हणायचात तिथेच!" लॅपटॉप यांच्या मांडीवर ठेवला. यांनी ते चित्र बोटाने चाचपून पाहिलं आणि चक्क रडले. त्या दिवशी यांनी आमटीभात मागून घेतला. वाटलं, देवा, उशिरा का होईना, पावलास बाबा.

पण दुसऱ्या दिवसापासून हे पुन्हा छताकडे बघत पडायचे. मी विचारलं, काय टोचतंय? म्हणाले, "क्षिप्राने मिसळलेले नसतील ना गं ते?"

"मग विचारा की तिला!"

"छे. तिला विचारायचं नसतं."

माझं डोकंच फिरलं. माणूस चाललाय आणि याला नियम सुचतायत! मी क्षिप्राला फोन करून बोलावलं आणि आल्या आल्या स्वयंपाकघरात घेतलं.

"खरं आहे का ते?"

"काकू, मला सांगता येत नाही."

"सांगू नकोस. खरं असो, खोटं असो, मला काही देणंघेणं नाही. तू फक्त आत जा आणि म्हण, सर, ते माझे नाहीत. एवढंच. पेटी उघडेपर्यंत ते राहणार आहेत का गं?"

"काकू, प्लीज. असं नका सांगू मला."

"तुझा बाप असता तर?"

हे मी बोलायला नको होतं. तिचा चेहरा पडला. तिने नळाखाली तोंड धुतलं आणि आत गेली. मी दारात उभी.

ती यांच्या पायाशी बसली. "सर, ते ठिपके माझे नाहीत," म्हणाली. आवाजही हलला नाही पोरीचा.

मला वाटलं, आता हसतील. यांनी तिच्याकडे बघितलं. मग तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"खरे असते तर तू गप्प बसली असतीस, बाळ. खरी गोष्ट अशी बोलून बाटवली नसतीस तू."

क्षिप्रा तोंड झाकून हमसाहमशी रडायला लागली. मला तर अजून काही कळलंच नव्हतं. मी वेड्यासारखी म्हणत होते, "अहो, ती सांगतेय ना, तिचे नाहीत म्हणून!" हे मला म्हणाले, "असू दे, सुचित्रा. तिला पाणी दे."

पुढचे दिवस पार्थ रोज यायचा. आज अमक्या देशातल्या लोकांनी तपासलं, त्यांनाही ठिपके दिसले, सर, आता नक्की! ठिपके खोटे हे यांना कळलेलं, आणि पेटी उघडेपर्यंत बोलायची सोय नाही. "छान रे, छान," म्हणायचे, मुलांनी रांगोळी दाखवली की म्हणतात तसं. तो गेला की भिंतीकडे तोंड करून पडायचे. आमटीभात पुन्हा मागितला नाही. मी शेजारी बसून मनात स्वतःला शिव्या घालायचे. आशेवर तरी गेला असता माझा माणूस. तीही मी ठेवली नाही.

आणि एका सकाळी ते गेले.

स्मशानातून परतल्यावर पार्थ माझ्यापाशी येऊन बसला. रडून रडून डोळे सुजलेले. म्हणाला, "काकू, एक बरं झालं. जाता जाता सरांना दिसलं. आयुष्यभर ज्याची वाट बघितली ते दिसलं हो त्यांना."

क्षिप्रा समोरच उभी होती. तिने मान खाली घातली.

पेटी उघडायला अजून अवकाश होता. मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.