कुंपणापाशी टाकलेला ढीग

मित्रांनो, मी एक जुनी कुदळ आहे. पाते झिजून निम्मे झाले आहे, पण स्मरण शाबूत आहे, म्हणून सांगते.

लोहाराने मला मुद्दाम अरुंद पाते देऊन घडवले. गुराखीकाकांनी तसे बजावलेच होते. त्यांच्या कुरणात पिवळ्या फुलांचे एक विषारी तण माजायचे. वरून कापले की ते दुप्पट जोमाने फुटे, म्हणून मुळासकट खणून काढावे लागे. फुले येण्याआधी आम्ही दोघे सारे कुरण पालथे घालायचो. कोवळ्या पानांवरून ते ओळखण्यात काकांचा हात कोणी धरत नसे. ही कुदळ आहे म्हणून माझी गुरे आहेत, असे ते चारचौघांत सांगत, तेव्हा माझ्यासारख्या लोखंडालाही मूठभर मांस चढे.

एके वर्षी खणता खणता काकांची पाठ धरली. उपटलेल्या तणाचा ढीग त्यांनी कुंपणापाशीच टाकला. हिरवे असताना गुरे त्याला तोंड लावत नाहीत, मग वाळल्यावर कोण खाणार, असे त्यांना वाटले. चार दिवसांनी त्यांची तांबडी गाय तिथेच रवंथ करताना सापडली. ढीग निम्मा संपला होता.

गुरांच्या डॉक्टरीणबाईंनी शर्थ केली. वाळल्यावर तणाचा कडूपणा जातो, विष जात नाही, हे त्यांनीच समजावले. गाय आठवडाभर खंगली आणि गेली. मागे तिचे दूधपिते वासरू उरले.

काकांनी मला गोठ्याच्या कोपऱ्यात भिरकावले. वड्याचे तेल वांग्यावर! मला फार वाईट वाटले. मी गंजत पडले आणि कुरणात तण गुडघाभर वाढले. वासरू चरायला लागले, तेव्हा काकूच मला घासूनपुसून घेऊन निघाल्या. काका दारातच थबकले.

"माझा मलाच भरवसा नाही आता," ते म्हणाले.

"उपटलंत ते बरोबर होतं," काकू म्हणाल्या. "उचललं नाहीत, ते चुकलं. हे पोतं धरा."

आता काकू खणतात आणि काका मागून पोते भरतात. मग ते दूरच्या खड्ड्यात पुरतात. एखादे पान निसटले, तरी दुखऱ्या पाठीने वाकून ते उचलतात.

मित्रांनो, उभे विष जनावराला कळते. आपण उपटून टाकलेले कळत नाही. ते आपणच उचलायचे असते.