ग्योटिंगेनच्या अर्ध्या आरशाची पंचाईत

मी एक जुना आरसा आहे, मित्रांनो, पण माझ्यात बघून कुणी कधी भांग पाडलेला नाही. माझ्या काचेवरचा चांदीचा लेप इतका पातळ आहे, की निम्मा प्रकाश आरपार जातो आणि निम्मा परत फिरतो. जर्मनीतल्या ग्योटिंगेन विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत वीब्के नावाची विद्यार्थिनी माझ्यावर प्रकाशाचा एकेकच कण सोडायची. पुढे दोन्ही वाटा पुन्हा एकत्र येत आणि पडद्यावर हळूहळू उजेड-अंधाराचे पट्टे उमटत, जणू प्रत्येक कण दोन्ही वाटांनी गेला होता. वाटेवर पहारा ठेवला, की कण एकाच वाटेवर सापडे आणि पट्टे गायब! हे सारं माझ्याच अंगावर घडायचं, पण काय घडायचं ते मला कधीच कळलं नाही.

डॉक्टरेटच्या परीक्षेआधी तिचे दोन परीक्षक प्रयोग बघायला आले. एकेहार्टसर आणि रोसव्हिटाबाई, जुने मित्र आणि जुने भांडखोर.

“कण दोन्हीकडे जातो. जगालाच दोन फाटे फुटतात,” सर म्हणाले.

“फाटे तुझ्या डोक्याला फुटलेत! बघण्याआधी तो कुठे होता, हे विचारायचंच नसतं.”

“का नाही विचारायचं? इथे, अगदी इथे घडतं ते!” म्हणत सरांनी माझ्यावर चक्क बोट टेकवलं.

“अरे, लेपाला हात काय लावतोस!” बाईंनी घाईघाईने मला रुमालाने खसाखसा पुसलं. चांदी खरवडली गेली. पट्टे गेले ते गेलेच. वीब्के रडकुंडीला आली, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

परीक्षेला ती मला तसाच घेऊन गेली. सरांनी विचारलं, “कण आरशापाशी नेमकं काय करतो?”

“मला माहीत नाही, सर. तुम्हा दोघांनाही माहीत नाही. माहीत असतं, तर हा आरसा आज धड असता.”

आता पोरीचं काही खरं नाही, असं मला वाटलं.

“एकेहार्ट,” बाई म्हणाल्या, “हिने आपल्यालाच नापास केलं की रे.” आणि दोघांनी तिला पास केलं.

तिथल्या रिवाजाप्रमाणे मित्रांनी तिला पुठ्ठ्याची टोपी केली आणि मला त्यावर चिकटवलं. सजवलेल्या गाड्यातून आम्ही चौकातल्या कारंज्याशी गेलो. वीब्केने वर चढून, डॉक्टरेट मिळालेल्याने घ्यायचाच असतो तसा, तिथल्या हंसवाल्या मुलीच्या पुतळ्याचा मुका घेतला. माझ्यावर ऊन पडलं होतं. काही आरपार गेलं, काही परतलं, आणि मी होतो तसाच गोंधळलेला.

मित्रांनो, माझ्यात काय घडतं यावर खुशाल भांडा. उत्तर सापडलं, तर मलाही सांगा. फक्त भांडताना हात खिशात ठेवा.