मालूने आखलेला डोळा

माझी बायको मालू पेणच्या एका कारखान्यात गणपतींचे डोळे आखायची. एवढी वर्षं आखले, पण सगळे पाण्यात गेले. ती गेल्यावर घरात तिच्या हातचं काहीच उरलं नाही.

मग कळलं, रोह्याजवळच्या वरसे गावातले दत्तात्रेय नावाचे एक गृहस्थ आपला गणपती वर्षभर घरात ठेवतात. नवा आला की जुना विसर्जित करतात. त्यांची गेल्या वर्षीची मूर्ती मालूच्याच कारखान्यातली. डोळे मालूचे असले तर ती मूर्ती मागायची, असं ठरवून मी किमयाला घेऊन एसटीत बसलो.

किमया माझी मुलगी. मुंबईच्या एका संग्रहालयात युरोपातल्या जुन्या चित्रांचं काम करते. कुठलं चित्र मोठ्या चित्रकाराचं स्वतःचं, कुठलं त्याच्या शिष्याचं, कुठलं मागाहून कोणी नक्कल केलेलं, ते ठरवायचं. मालू तिला चिडवायची, मेलेल्या गोऱ्यांची भांडणं सोडवायचा पगार घेते म्हणून.

दत्तात्रेयांनी चहा ठेवला. किमया मोबाईलचा उजेड धरून मूर्तीसमोर बराच वेळ बसली. मला तर दोन्ही डोळे मालूचेच वाटत होते.

"उजवा आईचा," ती म्हणाली. "ती पापणीची रेघ नाकाकडून सुरू करायची. डावी रेघ कानाकडून आलीय. ती शीतलची."

शीतल मालूच्या हाताखाली शिकलेली. मी विचारलं, "म्हणजे नक्कल?"

"नाय बाबा. आमच्याकडे अशा चित्राखाली गुरू आणि शिष्य, दोघांची नावं लावतात."

पण एका मूर्तीचे दोन्ही डोळे एकाच माणसाने आखायचे, नाहीतर गणपती तिरळा दिसतो, हा मालूचाच नियम. त्यावरून तिने कितीजणांना झापलं होतं. गेल्या वर्षी तिचा हात थरथरायला लागला होता. एका संध्याकाळी ती लवकर घरी आली आणि खुशीत म्हणाली, "शीतलचा हात बसला हो." तो हाच गणपती असणार. एक डोळा आखून तिने कुंचला शीतलला दिला असणार, आणि दुसरा झालेला बघून निवांत घरी आली असणार.

मी मूर्ती मागितली नाही. दत्तात्रेय म्हणाले, विसर्जनाला या. येतो म्हटलं.

पेणला उतरून थेट कारखान्यात गेलो. शीतल मूर्तींच्या रांगेपुढे बसली होती. म्हटलं, "आमचा यंदाचा गणपती तू आख."

"काका, काकींसारखा नाय जमायचा."

"तू कानाकडूनच आख," मी म्हटलं, आणि तिच्या शेजारी स्टूल ओढून बसलो.