फळीसमोरचा गाडा

बोलतोय तो मी, चाकं नसलेला गाडा. हसायचं तर हसा. मला इंजिन नाही, घोडा नाही. माणसाने खांदा लावला तर मी जमिनीवरून घसरतो, नाहीतर आहे तिथे बसतो. आयुष्यभर दुसरं काही केलं नाही आणि जे केलं त्याची मला लाज नाही.

पेनसिल्व्हेनियात नदीच्या वळणावर कोल्टर्स बेंड नावाचं गाव आहे. तिथल्या पोलाद कारखान्यातल्या माणसांनी जेवणाच्या सुट्टीत उरल्यासुरल्या लोखंडातून मला जोडलं. खाली दोन लांब पट्ट्या, मागे उभं राहायला पत्रा आणि पुढे पाच दांडे. प्रत्येक दांड्याच्या टोकाला कॅनव्हासची गादी, आत चिंध्या ठासलेल्या. त्या माझ्या पाच छात्या. क्रेनवाला स्टीव्ह बाबिक याने शेवटचा दांडा जोडला तो जरा वाकडा बसला. कोणी दाखवून दिलं की तो म्हणायचा, दांडा सरळ आहे, मैदान वाकडं आहे. असल्या माणसांच्या हातून मी घडलो. मग माझा स्वभाव कुठून गोड असणार.

ट्रकवर घालून मला शाळेच्या मागच्या मैदानात आणून टाकलं. तिथे शाळेचा फुटबॉल संघ सराव करायचा. आमच्याकडच्या फुटबॉलात पायाचं काम थोडं. चेंडू लांबट, तो हातात घेऊन पळायचं नाहीतर फेकायचा. फेकतो तो क्वार्टरबॅक. त्याच्या पुढे पाच धिप्पाड पोरं एक हात जमिनीला टेकून ओळीने वाकतात, ती फळी. समोरचे गडी क्वार्टरबॅकला आडवा करायला धावून येतात आणि फळीने त्यांना अंगावर घ्यायचं. खेळ तो एवढाच, बाकी सगळी वाजंत्री.

माझा संबंध फळीशी. पोरं समोर वाकायची, कोच पालुम्बो माझ्या पाठीवर चढून शिट्टी फुंकायचा, की पाच खांदे एकदम माझ्या पाच छात्यांवर. एकाने जरी उशीर केला तरी मी तिरका जायचो. पाचही जण एका श्वासात आले तर असा सरळ सरकायचो की पालुम्बोला तोल सावरायला हात पसरावे लागत. त्या पोरांचं मला फार कौतुक. चेंडू त्यांच्या नशिबात नाही. मधला तेवढा दोन पायांतून तो मागे देतो आणि पुन्हा त्याचं तोंड बघत नाही. पेपरात नाव नाही, फोटो नाही. कान सोललेले, बोटं सुजलेली, आणि उद्या दुपारी पुन्हा माझ्यासमोर हजर.

क्वार्टरबॅक माझ्याकडे फिरकत नसत. त्यांचं काम वेगळं, त्यांचे हात जपायचे. मला वाटायचं, हे लाडोबा. एका वर्षीच्या क्वार्टरबॅकने माझं मत बदललं.

त्याचं नाव कीथ मलॉय. काडीसारखा पोरगा, बाप पावाची गाडी चालवायचा. आणि फळीत मधोमध होता ओरेस्ट बाबिक, त्याच क्रेनवाल्या स्टीव्हचा मुलगा. मान नव्हतीच त्याला, डोकं थेट खांद्यावर ठेवलेलं. दोघं पहिलीपासूनचे मित्र. आमच्याकडे रीत आहे, सामन्याच्या आदल्या दिवशी, गुरुवारी, क्वार्टरबॅकच्या घरी फळीला जेवण. जे त्याच्यासाठी मार खातात त्यांना त्याच्या आईने वाढायचं. कीथची आई नोरीन डुकराचं मांस आणि आंबट कोबी असं शिजवायची की पोरं शुक्रवारी सकाळीही त्याच्यावरच बोलायची.

मोसम सुरू झाला तेव्हा संघ बरा होता. मग नदीपलीकडच्या शाळेशी खेळताना कीथच्या बरगड्या शेकल्या, आणि तिथून सगळं बिनसलं. आमचे लोक हरायला लागले. चेंडू हातात आला रे आला की दुसऱ्यांचे गडी कीथच्या अंगावर. जणू त्यांना कोणीतरी आधीच बोलावून ठेवलेलं.

मैदानाला जाळीचं कुंपण होतं. पाळी सुटली की कारखान्यातली माणसं जेवणाचे डबे हातात घेऊन तिथे टेकायची. हरण्याआधी ती मासेमारीवर बोलायची. आता एकच वाद, खोट क्वार्टरबॅकची की फळीची. न्हावी कार्माइन तर दुकान लवकर बंद करून यायचा, कारण गिऱ्हाइकाच्या गळ्याशी वस्तरा धरून हा वाद घालणं बरं नव्हे असं त्याची बायको म्हणाली होती.

सगळ्यात वाईट जुंपायची ती दोन बापांची. एरवी एका बाकावर बसून बिअर पिणारी माणसं.

"तुझ्या पोराची फळी म्हणजे कारखान्याचं फाटक आहे, स्टीव्ह," मलॉय म्हणाला. "पाळी सुटली की सताड उघडं."

"आणि तुझा पोरगा चेंडू घेऊन उभा काय राहतो," बाबिक म्हणाला, "पावाची ऑर्डर कोण देतंय याची वाट बघत असल्यासारखा."

कुंपणावरचे हसले. ते दोघं हसले नाहीत. त्या दिवसापासून ते कुंपणाच्या दोन टोकांना उभे राहू लागले, आणि बाबिकने मुलाला बजावलं की यापुढे मलॉयच्या घरचं अन्न खायचं नाही.

सामना पुढच्या शुक्रवारी, मोसमातला शेवटचा. कीथचं शाळेतलं शेवटचं वर्ष. पुढे कारखाना होता, पावाची गाडी होती, फुटबॉल नव्हता. मंगळवारी पालुम्बोने सगळ्यांसमोर सांगून टाकलं की शुक्रवारी कीथ बाकावर बसेल, चेंडू दुसरा मुलगा फेकेल. कीथने शिरस्त्राण काढलं आणि गवतावर ठेवलं, अगदी हळू, आत अंडी असल्यासारखं.

बुधवारी पालुम्बो त्या नव्या मुलाला तयार करत होता. फळी माझ्यासमोर वाकलेली, नवा तिच्यामागे, आणि त्याच्यामागे पालुम्बो. काही चालींत फळी मुसंडी मारून माझ्यावर यायची. काही चाली फेकीच्या, त्यांत पोरं मागे पाऊल घेऊन छाती काढून उभी राहायची. कीथला काम नव्हतं. तो येऊन माझ्या पाठीवर बसला, जिथे एरवी कोच उभा राहतो तिथे, आणि माझ्या दोन दांड्यांमधून समोर बघायला लागला.

इथे एक गोष्ट समजून घ्या. क्वार्टरबॅक जन्मभर फळीच्या मागे उभा. त्याला आपल्या माणसांची बूडं दिसतात. कुंपणावरच्यांना कुशी दिसतात. पालुम्बो माझ्यावर उभा असला की त्याला नुसती शिरस्त्राणं. फळीला समोरून बघतो तो शत्रू, नाहीतर मी.

मला किती दिवस दिसत होतं. पण मी लोखंड, माझं तोंड शिवलेलं.

थोड्या वेळाने कीथ पुटपुटायला लागला. पोरं वाकली की म्हणायचा, मुसंडी. आणि मुसंडीच यायची. मग म्हणायचा, फेक. आणि फेकच असायची. एकदाही चुकला नाही. माझ्या पत्र्यावर त्याची टाच आपटत होती ती थांबली.

सराव संपला, पोरं कपडे बदलायला गेली. कीथने ओरेस्टला हाक मारली.

"इथे वाक. हात टेक. मनात एक चाल धर, मला सांगू नकोस."

"मला भूक लागलीय रे."

"वाक म्हणतो ना."

ओरेस्ट वाकला. कीथ म्हणाला, फेक. ओरेस्टने डोकं वर केलं, पुन्हा वाकला. कीथ म्हणाला, मुसंडी. मग पुन्हा फेक. ओरेस्ट उठून गवतात बसला.

"कोणी सांगितलं तुला?"

"तुझ्या बोटांनी. पुढे जायचं असलं की सगळा भार हातावर टाकतोस, पेरं पांढरी पडतात. मागे सरायचं असलं की बोटं नुसती टेकतात, लालच्या लाल. पाचही जणांची तशीच. मला बसल्या जागेवरून कळलं, समोरच्यांना कळणार नाही?"

ओरेस्ट आपल्या बोटांकडे बघत राहिला. मग त्याने सांगून टाकलं. नदीपलीकडच्या सामन्यात कीथच्या बरगड्या शेकल्या, त्यानंतर ओरेस्टनेच बाकीच्या चौघांना शिकवलं होतं. फेकीच्या वेळी हातावर भार टाकायचा नाही, म्हणजे मागे पटकन सरता येतं, म्हणजे कीथला कोणी हात लावणार नाही. त्याला वाचवायला जे केलं त्यानेच त्याचा पत्ता शत्रूला दिला होता. पोरांनी कामचुकारपणा केला असता तर मी शिव्या घातल्या असत्या. इथे शिव्या कुणाला घालायच्या?

"कोचला सांगितलंस?" ओरेस्टने विचारलं.

"नाही."

"सांग की. शुक्रवारी तू खेळशील."

"आणि तुला बसवतील," कीथ म्हणाला. "मग माझ्यापुढे कोण, ती कुंपणावरची म्हातारी माणसं?"

दोघं गेले. मी तिथेच. इतकी वर्षं मी ज्यांना लाडोबा म्हणत आलो, त्यांतल्या एकाने आपली जागा हातची जाऊ दिली होती आणि वर विनोद केला होता.

गुरुवारी पाळी सुटल्यावर कुंपण माणसांनी भरलं. एका टोकाला बाबिक, दुसऱ्या टोकाला मलॉय. पालुम्बो माझ्या पाठीवर चढला, शिट्टी तोंडात घातली. ओरेस्ट वाकलाच नाही.

"कोच, खाली उतरा," तो म्हणाला. "गाड्यापुढे बसून आमच्याकडे बघा."

पालुम्बोला कोणी असं सांगत नसे. पण ओरेस्ट सहसा बोलतही नसे, म्हणून तो उतरला. माझ्या मधल्या छातीला पाठ लावून गवतात बसला, गुडघे दुखत होते तरी. पोरं वाकली, उठली, वाकली, उठली. ओरेस्टने बोटांचं सांगितलं. मोठ्याने सांगितलं, कुंपणापर्यंत जाईल असं.

"खोट फळीची आहे. शिकवलं मी. कीथला काल कळलं आणि तो गप्प बसला."

कीथ त्याला थांबवायला निघाला होता, पण उशीर झाला होता. पालुम्बो गवतात बसूनच म्हणाला, "मी आपला यांच्या डोक्यावर उभा राहून ओरडतोय." ओरेस्टला बसवायचं नावही त्याने काढलं नाही. कीथचं शिरस्त्राण उचललं आणि त्याच्या पोटावर आपटलं.

मग गंमत झाली. कुंपणावरची माणसं एकेक करून आत आली आणि माझ्यापुढे बसून बघायला लागली. कार्माइनने तर दोनदा बघितलं. शेवटी बाबिक आला. क्रेनच्या टोपलीतून सगळा कारखाना वरून बघणारा माणूस, गवतात ओणवा झाला आणि स्वतःच्या पोराच्या पेरांकडे बघू लागला. उठला तेव्हा चेहरा भट्टीसारखा.

"घरी चल," तो म्हणाला.

"नाही बाबा. आज गुरुवार आहे," ओरेस्ट म्हणाला. "आम्ही पाचही जण कीथकडे जेवणार."

बाबिकने तोंड उघडलं. तेवढ्यात मागून मलॉय म्हणाला, "नोरीनने फार करून ठेवलंय, स्टीव्ह. ही पोरं खातात त्याहून जास्त. चल, आणि येताना बिअर आण, माझ्याकडची संपली."

बाबिक म्हणाला की तो फक्त मुलाला सोडायला येईल, बाहेरच थांबेल. दुसऱ्या दिवशी कार्माइनकडून सगळ्यांना कळलं की त्याने पोराहून जास्त खाल्लं.

शुक्रवारचा सामना मी बघितला नाही. मोठं मैदान शाळेच्या पलीकडच्या अंगाला, मला फक्त बँड ऐकू येतो आणि माणसांचा आवाज. आमचे लोक हरले. शेवटी गुणासाठी चेंडू लाथेने दोन खांबांमधून मारायचा होता, तो बाहेरून गेला. मी लोखंड आहे, मला खोटं सांगून कुणाला खूश करायचं नाही. हरले.

पण सामना संपल्यावर ती पोरं मागच्या मैदानात आली, पोशाखातच. फळीच्या पाचांवर चिखल असा की कोण कुठला ओळखू येईना. ओरेस्टच्या नाकातून रक्त. आणि कीथची पांढरी जर्सी सकाळी आईने इस्त्री करून दिली तशीच्या तशी. पाठीला डाग नाही, गुडघ्याला गवत नाही. ते पाचजण त्याच्याभोवती फिरून फिरून ती जर्सी बघत होते, जणू त्यांनीच ती विणली होती. हरलेली पोरं इतकी खूश मी आधी पाहिली नव्हती, नंतरही नाही.

कुंपणावर सोमवारी नवा वाद सुरू झाला, खोट लाथ मारणाऱ्याची की वाऱ्याची. बाबिक आणि मलॉय एकाच टोकाला होते. दोघांचं मत पडलं, वाऱ्याची.

आता कारखाना बंद आहे. शाळा दुसऱ्या गावच्या शाळेत मिसळली. त्यांच्याकडे स्प्रिंगचे नवे गाडे आहेत, ढकलले की परत उसळून येतात. मी कुंपणापाशी गवतात पडलोय. कॅनव्हास उंदरांनी नेला, पट्ट्या जमिनीत रुतल्या. गेल्या आठवड्यात दोन माणसं आली, त्यांनी मला हातोड्याने ठोकून बघितलं आणि वजनाचा अंदाज घेतला. मला कळतं ते काय होतं.

माझी तक्रार नाही. भट्टीतून आलो, भट्टीत जाईन. एवढंच सांगतो, पाच दांडे सुटे करून वेगवेगळ्या ठिकाणी विकू नका. तो वाकडासुद्धा ठेवा. पाचही एकदम आत घाला.